पाण्याच्या चालीनं चाललेली सायकल

कांचन,

तुझ्या उठावण्याला, त्या शोकबैठकीला, मी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. तुझी जालन्याची नणंद शेजारी सरकली आणि हळूच म्हणाली, "आपण कोण? दुकानातल्या का?" मी म्हणाले, "नाही, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमची ओळख सायकलची." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही रडून रडून माझं डोकं फिरलंय. मग माझा हात थोपटून त्या दुसऱ्या पाहुण्यांकडं गेल्या.

सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. कुणाच्या मुलीच्या लग्नात तू कोणता शालू निवडून दिलास, पर्युषणात आठ दिवस निरंकार उपास करूनही काउंटरवर कशी बसायचीस, गिऱ्हाइकाच्या लेकराच्या हातावर खडीसाखर कशी ठेवायचीस. सगळं खरं होतं. पण त्या खोलीत गळ्यात ओढणीची गाठ मारून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मुरमाच्या रस्त्यानं सायकल हाणणारी कांचन कुणालाच माहीत नव्हती. ती एकटी माझ्याकडं राहिली. तिचं मी काय करू हे मला कळत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलते आहे.

आपली पहिली भेट आठवते? कापसाचा हंगाम होता. परतूरला स्टेशन रोडवर मी सकाळची चालायला निघाले होते, तूही निघाली होतीस, तोंडओळखीपलीकडं एकमेकींना ओळखत नव्हतो. मागून कापसाचा ट्रक आला, दोन्ही बाजूंनी फुगलेला, आणि त्या फुगवट्यानं आपल्या दोघींनाही नालीच्या कडेला ढकललं. लागलं काहीच नाही. फक्त तुझ्या केसांत कापूस, माझ्या केसांत कापूस. तू माझ्या डोक्यावरचा कापूस वेचत म्हणालीस, "या गावात ट्रकला जागा हाय, बाईला चालायला न्हाई." मी म्हणाले, "भाभी, माझ्या शाळेकडं या. तिथं कॅनॉलच्या कडेनं रस्ता आहे. कुणी नसतं."

"कुणी म्हणजे कुणीच न्हाई?"

"बगळे असतात."

पुढच्या रविवारी तू माझ्या स्कूटीवर मागं बसून आलीस. तुला सगळा बाजार भाभी म्हणायचा, मीही म्हणायचे. कालव्यावर पोचल्यावर मात्र तू म्हणालीस, "इथं कोण बाजार हाय? कांचन म्हण." तेव्हापासून तू कांचन.

तो रस्ता मी कितीतरी वर्षं रोज बघत होते आणि एकदाही बघितला नव्हता. शाळेत जायचं, यायचं, एवढंच. तू स्कूटीवरून उतरलीस आणि नुसती उभी राहिलीस. डाव्या हाताला कालवा, सरळ, दोरी लावून आखल्यासारखा. त्याच्या पाळीवर, उंच बांधावर, लाल मुरमाचा रस्ता. उजवीकडं खाली ऊस, मग तूर, मग हरभऱ्याची काळी रानं, आणि त्यापुढं गोदावरीच्या अंगाला नजर जाईल तिथवर काहीच नाही. डोंगर नाही, टेकडी नाही. कालव्यात पाणी होतं आणि पाण्यात सगळं आभाळ. वाहनं येऊ नयेत म्हणून रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा दांडा लावलेला, त्यामुळं आवाज फक्त पाण्याचा. तू म्हणालीस, "वंदना, इतकं मोठं आभाळ परतूरवर बी हाय का गं?" मी हसले. तू हसली नाहीस. तू भोकरदनची, उंचसखल रानातली. इतका सपाटपणा तू आधी बघितला नव्हतास आणि तो तुला छातीत कुठंतरी लागला होता.

परत येताना तू विचारलंस, "इथं मला सायकल शिकता येईल का?"

तुझं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. तुझा मुलगा, नीलेश, पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची जाड टायरची गिअरची सायकल घरी धूळ खात पडली होती. ती तू दुकानाच्या टेम्पोत घालून शाळेवर पाठवलीस. माझी जुनी लेडीज सायकल आधीपासून शाळेच्या व्हरांड्यात होतीच. मी लहानपणी वडिलांच्या उंच सायकलवर दांड्याखालून पाय घालून शिकलेली, त्यामुळं शिकवणारी मीच.

शिकवायला तो रस्ता सोपा आणि अवघड, दोन्ही. सोपा, कारण हसायला कुणी नाही. अवघड, कारण मुरमावर चाक घसरतं आणि एका बाजूला कालवा. तू सारखी उजवीकडं झुकायचीस आणि उसात जायचीस. एकदा उसातून तुझा आवाज आला, "बरी हाय, बरी हाय. उगं धावत येऊ नको." हाता-गुडघ्यांना खरचटलेलं तू घरी कुणाला दाखवत नव्हतीस. पूर्ण बाह्या घालायला लागलीस, तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, भाईजींनी, विचारलं, थंडी वाजते का. तू हो म्हणालीस.

भाईजींना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते रागावत नाहीतच. फक्त म्हणाले, "लोक काय म्हणतील? सेठच्या घरात गाडी हाय आणि बाई सायकल चालवून राह्यली." तू उत्तर दिलंस, "लोक तिथं नसतातच, म्हणून तर जाते."  त्यांनी परत कधी विचारलं नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात विजय नव्हता. त्यांनी आणखी काहीतरी विचारावं असं तुला वाटत होतं का, हे मी तुला विचारायला हवं होतं.

मग तू शिकलीस. एका सकाळी मी मागून कॅरिअर धरलेलं सोडलं, आणि तू गेलीसच. वळूनही बघितलं नाहीस. मी माझी सायकल काढून तुझ्या मागं लागले आणि बराच वेळ मला तुझी फक्त पाठ दिसत होती, फुगलेली ओढणी आणि तिच्यापुढं सरळ जाणारं पाणी. पुलाशी तू थांबलीस. दम लागलेला, चेहरा लाल. "वंदना, मी सायकल चालवून राह्यले," तू म्हणालीस, जशी काही ती बातमी मला द्यायची होती.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं रविवार आपला होता. आपण फार लांब किंवा फार जोरात कधी गेलो नाही. तुला थांबायचं असायचं. पाणकावळा पंख वाळवत बसलेला दिसला की थांब. कालवा ओढ्यावरून पुलासारखा जातो, तिथं तर तू दर वेळी थांबायचीस. खाली ओढा, वर पाणी, पाण्याखालून पाणी चाललंय, हे तुला कितीदा बघून पुरत नव्हतं. आणि तो तुझा नेहमीचा प्रश्न: "उतार तर दिसत न्हाई. मंग पाणी पुढं कसं जातं?" मी मास्तरीण, मी समजावायचे. अगदी थोडा उतार दिलेला असतो, डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतो. तुला पटायचं नाही. एकदा तू सायकल रस्त्यावर सरळ उभी केलीस, हात सोडलेस, ती आपोआप पुढं जाते का बघायला. सायकल धाडकन पडली. "बघ," तू म्हणालीस, "तुझा उतार बिलकुल न्हाई." आणि मग पाण्याकडं बघत हळूच म्हणालीस, "तरी चाललंय." त्या 'तरी चाललंय'मध्ये जे होतं ते मी वर्गात कधी शिकवू शकले नाही.

अशाच एका सकाळी पुलाच्या कठड्यावर बसून तू म्हणालीस, "हे सगळं मशीननं खणलं असंल."

मी म्हणाले, "थोडं मशीननं. बरंच माणसांनी. माझी आई होती त्यात."

मी काही मोठं सांगायचं म्हणून बोलले नव्हते. आमच्या घरात ती गोष्ट दुष्काळाच्या गोष्टींपैकी एक होती. पाऊस गेला तेव्हा आजोबांनी भोकरदनकडून सगळं कुटुंब उचललं आणि कालव्याच्या कामावर आणलं. आई तेरा-चौदा वर्षांची. पोत्यांच्या पालात राहायचं, दिवसभर मातीची टोपली डोक्यावर. पाणी टँकरनं यायचं, मोजून मिळायचं. एकदा आईच्या हातून कळशी सांडली तर तिला बेदम मार बसला, आणि मारणारी तिची आई स्वतःच रडत होती. पाण्यासाठी खणायचं आणि तहानेनं झोपायचं, असं ते काम. तू ऐकलंस. परत निघालो तर तू सायकलवर बसेनास, ती हातात धरून चालत आलीस दांड्यापर्यंत. मी विचारलं, काय झालं. "काही न्हाई. चालावं वाटलं."

त्या हिवाळ्यात आई माझ्याकडं आलेली होती. तू दोनच दिवसांत घरी आलीस आणि तिच्याजवळ खाली सतरंजीवर बसलीस.

"मावशी, कॅनॉलचा कोणता तुकडा तुम्ही खणला?"

"काय की माय. जिकडं पाहावं तिकडं मातीच होती. टोपलं उचलायचं, टाकायचं."

"पाणी आल्यावर पाह्यलं का?"

"कोण पाहतंय. काम सरलं, आम्ही गावाला गेलो. मंग लगीन झालं."

"आता चला. दाखवते."

"त्याला काय पाहायचं? पाणीच तर हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या डोळ्यांत तेव्हाच ठरलेलं होतं.

कालवा कोरडा होता, पाणी सोडायची पाळी अजून यायची होती. मग एक दिवस शाळेतल्या एका पोराचा बाप सांगत आला की पाणी सुटलंय, उद्या सकाळी आपल्या पुलापर्यंत येईल. मी तुला फोन केला. आई कुरकुरत का होईना, माझ्या स्कूटीवर शाळेपर्यंत आली. पुढं जायचा प्रश्न आला तेव्हा तू व्हरांड्यातून तुझी सायकल काढलीस, कॅरिअरवर चादरीची घडी बांधलीस आणि म्हणालीस, "मावशी, बसा."

आई मागं सरकली. "तुमच्या मागं कशी बसू, सेठाणीबाई? मी चालत येते."

"एसटीत बसता ना? तसंच बसायचं."

"पडाल तुम्ही."

"पडलो तर दोघी पडू. उसात. मला सवय हाय."

मी म्हणाले, माझ्या सायकलवर बसव. तू म्हणालीस, "तुझी जुनी हाय, माझी मजबूत हाय," आणि विषय संपवलास. आई बसली. आधी सीटला धरलं. सायकल हलली तसं तिनं तुझ्या कमरेला हात घातला आणि घट्ट धरलं.

कांचन, हे मी तुला तेव्हा बोलले नाही. माझी आई तरुणपणी भोकरदनच्या बाजारात एका दुकानाच्या मागल्या दाराशी गाठोडी उतरवायची. तहान लागली तर ओंजळ पुढं करायची आणि वरून पाणी ओतलं जायचं. तिनं हे मला रागानं नाही, सहज सांगितलं होतं, हवामान सांगावं तसं. आणि त्या सकाळी तीच बाई परतूरच्या कापडवाल्या सेठच्या बायकोच्या कमरेला मिठी मारून मुरमावरून चालली होती, आणि तू धापा टाकत पायडल मारत होतीस. मी मागून येत होते. मला समोरचं नीट दिसेना. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय बोलून राह्यली तू?" आणि खरंच तुला त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नसतं. म्हणून बोलले नाही. आता सांगते, कारण आता तू मला थांबवू शकत नाहीस.

थोडं पुढं गेल्यावर ते दिसलं. आधी बगळे दिसले, कोरड्या कालव्याच्या तळाशी उड्या मारत आपल्याकडं येणारे. त्यांच्या मागं एक तपकिरी रेघ. मग ती रेघ हलायला लागली. पाणी येत होतं. आपल्याला वाटलेलं लोंढा असेल. तसं नव्हतं. पाण्याची जीभ तळावरून पुढं सरकत होती, वाळकी पानं, काटक्या, फेस, सगळं पुढं ढकलत, माणूस चालतो त्याच चालीनं. भेगाळलेल्या मातीत शिरताना बुडबुडे निघायचे आणि एक बारीक आवाज यायचा, कुणीतरी खूप वेळानं श्वास सोडल्यासारखा. भेगांतून किडे बाहेर यायचे आणि बगळे ते टिपायचे. तू सायकल वळवलीस. मीही वळवली. आणि आपण पाण्याच्या तोंडाबरोबर निघालो, त्याच्या पुढंही नाही, मागंही नाही. इतक्या हळू सायकल चालवणं सोपं नसतं. तुझं हँडल लटपटत होतं, पण तू पाय टेकवला नाहीस.

आई मान वळवून खाली बघत होती.

पुलाशी गुरांना उतरायला पायऱ्या आहेत. आई म्हणाली, "थांब." ती उतरली, पायऱ्यांनी खाली गेली आणि मधल्या एका कोरड्या पायरीवर बसली. तू तिच्या शेजारी जाऊन बसलीस. पाणी आलं, पुलाखालून पुढं गेलं, आणि मग चढायला लागलं. एक पायरी बुडली. दुसरी बुडली. आई पाय उचलेना. पाणी तिच्या बोटांना लागलं, घोट्यांपर्यंत आलं. पातळाचा काठ भिजला. ती पाण्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा मी आजवर न बघितलेला होता, लहान मुलीचा.

"एवढं?" ती म्हणाली. बराच वेळ गेल्यावर परत म्हणाली, "एवढं पाणी येतंय?"

तू म्हणालीस, "मावशी, तुमचं हाय ते."

आईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग तिला तहान लागली. तू तुझ्या उकळलेल्या पाण्याची बाटली काढलीस. आईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. तू क्षणभर त्या ओंजळीकडं बघितलंस, तिचे हात सरळ केलेस आणि त्यांत बाटली ठेवलीस. "तोंड लावून प्या. सांडतं उगं." ती प्याली. मग तू प्यालीस. तुमच्या दोघींचे पाय पाण्यात होते.

त्या दिवसानंतर आई तुला सेठाणीबाई म्हणाली नाही. "ती सायकलवाली पोर" म्हणायची. पन्नाशीच्या बाईला पोर. तू गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी बसल्यावर तिला लई जड गेलं असंल गं."

आपलं भांडण मात्र राहिलंच. गावानं कालव्याचा रस्ता डांबरी करायची मागणी केली आणि ग्रामसभेत मी मागणीच्या बाजूनं बोलले. तुला कळल्यावर तू फुगलीस. "डांबर पडलं की दांडा निघंल. मंग उसाचे ट्रॅक्टर येतील, ट्रक येतील. कापूस उडंल डोक्यावर." मी म्हणाले, "पावसाळ्यात या काळ्या मातीतून बाळंतीण दवाखान्यात न्यायची म्हणजे काय असतं ते बघ. माझी लेकरं चिखल तुडवत शाळेत येतात. आपण रविवारी तासभर येतो, कांचन. ते रोज राहतात." पुढच्या रविवारी आलीस, पण मुकाट. परत निघताना म्हणालीस, "गावापासून शाळेपर्यंत करा डांबर. बाळंतीण पलीकडं कुठं जाते? पलीकडं ऱ्हाऊ द्या तसंच." मी म्हणाले, पलीकडंही वस्त्या आहेत. तू म्हणालीस, "बरं, पुढच्या वेळी बोलू."

पुढची वेळ आलीच नाही. मी अजून माझ्याच बाजूची आहे, हे तुला सांगायला हवं. पण सभेत बोलताना मी त्या शांततेचा उल्लेखही केला नाही. ती मागता येते, तिच्याबद्दल बोलता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. तू असतीस तर आपण दोघी मिळून काहीतरी वाट काढली असती. आता पुढच्या सभेत मला दोन्ही बाजूंनी एकटीलाच बोलावं लागेल.

पावसाळा सरता सरता तुला ताप आला. डेंग्यू गावात घरोघर होता, कुणाला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. आधी परतूरला सलाईन, मग जालना, मग संभाजीनगर. मी भेटायला आले तेव्हा काचेतून बघू दिलं. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस. उजवा हात चादरीवर थोडा उचललास आणि बोटं वळवलीस, ब्रेक दाबावा तशी. नर्सला वाटलं तुला काही हवंय. मला वाटलं तू हसवतेस, म्हणून मी काचेबाहेर हसले. ते तू बघितलंस की नाही, ठाऊक नाही. दोन दिवसांनी भाईजींचा फोन आला.

आता तुला न माहीत असलेलं सांगते.

परवा भाईजी माझ्या घरी आले. ते पहिल्यांदाच आले. बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तिची सायकल घरी न्हाई."

"शाळेत आहे, भाईजी. तिथंच असायची."

"मला बघायची होती."

रविवारी सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही शाळेवर गेलो. व्हरांड्यात सायकलवर धूळ बसली होती. त्यांनी रुमालानं सीट पुसली, हँडल पुसलं, टायर दाबून बघितले. मग ती बाहेर काढली, टांग टाकली आणि चालवायला लागले. मी बघतच राहिले. सीट त्यांना ठेंगणी, गुडघे दोन्हीकडं बाहेर, पण सायकल बिलकुल डगमगत नव्हती. मी माझी घेऊन मागं निघाले. दांड्याजवळ ते थांबले.

"तुम्हाला येते?" मी विचारलं.

"शाळेत असताना सायकलवर कापडाचे गठ्ठे पोचवायचो गावोगाव," ते म्हणाले. "तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं न्हाई. आणि मला बी सुचलं न्हाई, तिला म्हणावं, चल, शिकवतो." एवढं बोलून त्यांनी सायकल दांड्याखालून पलीकडं काढली.

आम्ही बराच वेळ नुसते चालवत राहिलो. कालवा भरून चालला होता. मी त्यांना ओढ्यावरची जागा दाखवली, उसातली तुझी पडायची जागा दाखवली. ते प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचे. शेवटी म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही दोघी कुठंतरी जाता."

"नाही, भाईजी. कुठंच नाही."

तेवढ्यात आवाज आला. वरून, फार उंचावरून, खर्जातला, एकात एक मिसळलेला, जशी दूर कुठंतरी जत्रा भरली आहे. मी वर बघितलं आणि मला काही दिसेना. मग दिसलं. उत्तरेकडून एक ओळ येत होती, तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं आणखी. पक्षी इतके, की एक टोक आमच्या डोक्यावर होतं आणि दुसरं भोकरदनच्या बाजूला आभाळात विरत होतं. इतक्या वर्षांत आपण हे कधी बघितलं नव्हतं, कांचन. मला त्यांचं नावही येत नव्हतं.

भाईजी सायकल धरून उभे होते, मान वर, तोंड उघडं.

"कुरजा," ते म्हणाले. "ह्या कुरजा हायेत."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"माझी दादी मारवाडहून लग्न होऊन आल्ती. हिवाळ्यात गच्चीवर उभी राहायची. म्हणायची, आपल्या गावावरून कुरजा येतात, थंडी पडली की. मी लहान होतो. एकदाच दिसल्त्या." ते थांबले. "मी विसरून गेल्तो. कांचनला बी कधी सांगितलं न्हाई."

ओळी फिरल्या, खाली आल्या आणि कालव्यापलीकडच्या कापणी झालेल्या रानात उतरल्या. पाय लांब सोडून, पंख पसरून, एकेक करत. राखाडी अंग, काळी मान, कानामागं पांढऱ्या पिसांचा झुपका. उतरल्यावर काही नाचायला लागल्या, खरंच नाचायला, उडी मारून पंख उघडून. कालव्यात पाण्यावर त्यांच्या सावल्या पडत होत्या. मला श्वास घ्यायला भीती वाटत होती. मी वळून बाजूला बघितलं, तुला सांगायला, आणि तिथं भाईजी होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"उद्या बी असतील का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, भाईजी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना माझ्या दारात त्यांची गाडी उभी होती. मागं पुण्याहून आलेले नीलेश आणि तुझी सून, दोघं अर्ध्या झोपेत, स्वेटर घातलेले. कालव्यावर गेलो तर रान रिकामं होतं. काळी माती, धसकटं, थोडं धुकं. नीलेश म्हणाला, "पप्पा, गेल्या वाटतं. जाऊ या का? दुकान उघडायचंय."

भाईजी पाळीवर खाली बसले, मुरमातच. "थांबू जरा," ते म्हणाले.

मग सूनही बसली. नीलेश बसला. मीही बसले. धुकं हळूहळू उठलं, पाणी दिसायला लागलं, ऊन चढलं. दुकान उघडायची वेळ होऊन गेली तरी कुणी उठलं नाही.